मुलगी ड्रॅगन सोडत नाहीये, काय करू?

नमस्कार. प्रश्न दोनदा वाचला आणि खाली टाकलेला बुद्धिबळाचा डावही पटावर लावून बघितला, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी तेरा वर्षांची, रेटिंग १५०० च्या आसपास. काळ्या मोहऱ्यांनी ई४ ला सिसिलियन ड्रॅगन (सी५ ने उत्तर देऊन उंट जी७ वर ठेवायचं ओपनिंग) खेळते, व्हिडिओ बघून तिनेच निवडलाय. गेल्या दोन-तीन स्पर्धांत समोरच्याने युगोस्लाव अटॅक (लांब कॅसलिंग करून एच-प्यादं काळ्या राजावर ढकलायचा हल्ला) लावला की पंचवीस खेळ्यांच्या आत डाव संपतो, राजा अडकून मात. कोच म्हणतात कारो-कान घे, म्हणजे ई४ ला सी६, भक्कम आणि सावकाश. मुलगी म्हणते कारो-कान बोअर आहे. आणि तुम्ही विचारताय की ड्रॅगन मुळातच चुकीचं ओपनिंग आहे का, सोडायला लावू का.

मी स्वतः अकरा-बारा वर्षं स्पर्धेत ड्रॅगन खेळले आणि आता पंधरा वर्षं मुलांना शिकवतेय. कोणी मला "ड्रॅगन चांगला की वाईट" विचारलं की मी उलट विचारते, कोणासाठी? ओपनिंग म्हणून ड्रॅगन चुकीचा नाही. इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक, पांढऱ्याला थोडं बरं दाखवतं, पण ते काळ्याच्या बऱ्याच ओपनिंगला दाखवतं आणि १५०० च्या डावात त्या थोड्या बरेपणाचा काडीचा संबंध नसतो. तुमच्या मुलीचा प्रॉब्लेम मला वेगळाच दिसला. तिला खेळ्या माहीत आहेत, त्या खेळ्या कशासाठी आहेत ते माहीत नाही. बाकी ओपनिंगमध्ये एवढ्यावर निभावतं, ड्रॅगनमध्ये नाही निभावत.

आता तिचाच डाव बघा. १.ई४ सी५ २.घोडा एफ३ डी६ ३.डी४, प्याद्याची मारामारी, ४.घोडा डी४ घोडा एफ६ ५.घोडा सी३ जी६ ६.उंट ई३ उंट जी७ ७.एफ३ कॅसलिंग ८.वजीर डी२ घोडा सी६ ९.उंट सी४ उंट डी७ १०.पांढऱ्याचं लांब कॅसलिंग हत्ती सी८ ११.उंट बी३. इथपर्यंत एकदम पुस्तकी, माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांनाही इथपर्यंत पाठ नसतं. आणि इथे ती खेळली ११...ए६ (आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी). मग १२.एच४ बी५ १३.एच५ घोड्याने एच५ वरचं प्यादं खाल्लं १४.जी४ घोडा परत एफ६ १५.उंट एच६, उंटांची मारामारी, आणि सोळाव्या खेळीला पांढरा वजीर एच६ वर, मागे एच१ वर हत्ती, मधली फाईल, म्हणजे उभी रांग, मोकळी. तिने १६...वजीर ए५ केलं आणि १७.घोडा डी५ आला. आता एफ६ वरचा घोडा हलला की एच७ वर मात, नाही हलला तर तो मारला जाणार आणि मग तेच. तेविसाव्या खेळीपर्यंत डाव ओढलाय म्हणजे पोरगी चिवट आहे, हे मला आवडलं.

पण गंमत बघा, त्या सोळाव्या खेळीला तिचा सी८ वरचा हत्ती कुठे बघतोय? सी-फाईलवरून खाली सी३ वर, पांढऱ्या राजाच्या दिशेने? नाही. त्याच्या वाटेत सी६ वर तिचाच घोडा बसलाय. दहाव्या खेळीला हत्ती सी८ वर आणला आणि पुढे डाव संपेपर्यंत तो आपल्याच घोड्याच्या पाठीमागे उभा, जसं बसच्या दारात कोणीतरी उभं राहावं आणि मागच्याला उतरताच येऊ नये. म्हणून ११...घोडा ई५ खेळतात. त्या एका खेळीने फाईल उघडते, घोडा सी४ वर जायला तयार होतो, तिथे तो वजीर आणि उंट दोघांवर एकदम येतो म्हणून पांढऱ्याला बहुतेक वेळा आपला तो महत्त्वाचा बी३ चा उंट देऊन त्याला मारावं लागतं. एका खेळीत तीन कामं. आणि ए६-बी५ मध्ये दोन खेळ्यांत एकही काम नाही, प्यादं बी४ ला पोचेपर्यंत तिकडे एच-फाईल उघडून झालेली.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मीही हेच केलंय. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एका खुल्या स्पर्धेत, बाबा ऑफिसमधून हाफ डे टाकून बघायला आलेले, मी नजडॉर्फपण (सिसिलियनचाच दुसरा प्रकार) खेळायचे त्यामुळे हाताला ए६ ची सवय, विचार न करता केलं. बाबा हॉलच्या दारापर्यंत येईतो मी स्कोअरशीटवर सही करत होते. ती शीट अजून वहीत आहे, चोवीस खेळ्या.

युगोस्लाव अटॅकमध्ये दोघंही उलट्या बाजूला कॅसलिंग करतात आणि मग ती शर्यत होते. शर्यतीत एक खेळी म्हणजे किती, हे बाकीच्या ओपनिंगवरून कळत नाही. कारो-कानमध्ये एक खेळी फुकट गेली तर जरा अडचण होते, थोडी जागा कमी मिळते, तीस खेळ्या रडतखडत खेळून डाव बरोबरीत सुटतोही. ड्रॅगनमध्ये एक खेळी फुकट गेली की राजा जातो. आणि हे दोन्हीकडे सारखं नाहीये, हाच या ओपनिंगचा खरा तोटा आहे. पांढऱ्याच्या खेळ्या सोप्या आहेत. एच४, एच५, उंट एच६, एच-फाईल उघडा, एफ६ चा घोडा काढा, मात. दहा वर्षांच्या पोराला एका रविवारी शिकवता येतं आणि त्यात त्याने क्रम थोडा चुकवला तरी फारसं बिघडत नाही. काळ्याला मात्र प्रत्येक खेळी अचूक लागते आणि बऱ्याचदा आधी काहीतरी द्यावं लागतं. हा सगळा हल्ला पन्नासच्या दशकापासून लोकांना माहीत आहे. १९५८ ला पोर्टोरोझच्या इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा) पंधरा वर्षांच्या फिशरने बेंट लार्सनला याच पद्धतीने हरवलं, आणि लार्सन तेव्हा जगातल्या भारी खेळाडूंपैकी होता.

आता "द्यावं लागतं" म्हणाले त्याबद्दल, कारण ड्रॅगनचा जीव तिथे आहे. काळा सी८ च्या हत्तीने सी३ चा घोडा मारतो आणि बी-प्याद्याने हत्ती जाऊ देतो. व्हिडिओत हे बघून पोरं वेडी होतात, हत्ती दिला, वा! पण का दिला? सी३ चा घोडा दोन कामं करतो, ई४ चं प्यादं राखतो आणि डी५ वर उडी मारायला टपलेला असतो. तो गेला की ई४ पडतं, पांढऱ्या राजापुढची प्यादी फाटतात, ए वर एकटं प्यादं आणि सी वर एकामागे एक दोन प्यादी उरतात, आणि जी७ चा उंट अचानक लांबपर्यंत बघायला लागतो. एवढं की कधीकधी वजीर बदलले गेले तरी काळ्याचं बरं असतं, एक्स्चेंज खाली असून, म्हणजे घोड्याच्या बदल्यात हत्ती गेलेला असून.

पण हे सगळं झालं तर. माझ्याकडे एक मुलगा होता, फार हुशार, त्याला या सॅकची, म्हणजे बलिदानाची, एवढी सवय लागली की सी३ वर घोडा दिसला की हात आपोआप हत्तीकडे. एका डावात त्याने हत्ती दिला, पांढऱ्याने बी-प्याद्याने मारला, आणि ई४ चं प्यादं एफ३ ने घट्ट धरलेलं, काळा वजीर अजून डी८ वर, एच-फाईल आधीच उघडलेली. म्हणजे हत्ती दानधर्मात गेला. त्या दिवसापासून मी मुलांना हात उचलण्याआधी तीन गोष्टी बघायला लावते: ई४ खरंच पडतंय का, सी३ कडे किंवा ए-फाईलवर माझा दुसरा मोहरा लगेच येतोय का, आणि समोरच्याला माझ्या राजापर्यंत पोचायला अजून किती खेळ्या. तिसऱ्याचं उत्तर "एक" असेल तर बाकीची दोन कितीही छान असोत.

आणि पांढऱ्यालाही हा सॅक माहीत असतो बरं का. १९७४ ला मॉस्कोत कँडिडेट्सच्या (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या) फायनलचा दुसरा डाव, कार्पोव्ह पांढरा, कोर्चनोय काळा, हाच ड्रॅगन. हा डाव मुलीबरोबर बसून बघाच. कार्पोव्हने एच५ चं प्यादं दिलं, जी४ केलं आणि सोळाव्या खेळीला मध्यातला मस्त घोडा डी४ वरून मागे ई२ वर नेला. मागे! हल्ला करताना! कशाला, तर सी३ ला आधार द्यायला, म्हणजे सॅक केला तर घोडा घोड्याच्या जागी येतो आणि प्यादी फाटत नाहीत. मग एकोणिसाव्या खेळीला हत्ती डी३ वर, पुन्हा सी३ साठीच, म्हणजे आता ई२ चा घोडा एफ४ मार्गे हल्ल्यात जायला मोकळा. आणि चोविसावी खेळी ई५. काळा वजीर ए५ वर आहे आणि पाचव्या रांगेवरून सरकत जी५ वर शह देऊन वजीर बदलणं हाच त्याचा बचाव. ई५ ने ती रांगच बंद. काळ्याने ते प्यादं मारलं तरी त्याचंच प्यादं वाटेत. सत्ताविसाव्या खेळीला कोर्चनोयने डाव सोडला. जगात पहिल्या दोन-तीनात असलेल्या माणसाची ही गत झाली म्हटल्यावर तेरा वर्षांच्या मुलीला पंचवीस खेळ्यांत हरल्याचं वाईट वाटायला नको.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई घाबरवतेच आहे. १९९५ ला न्यूयॉर्कला, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर, कास्पारोव्ह विरुद्ध आपला आनंद, जगज्जेतेपदाची मॅच. पहिले आठही डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला, दहावा कास्पारोव्हने. अकराव्या डावात आनंद ई४ खेळला आणि कास्पारोव्हने ड्रॅगन काढला, जो तो एरवी खेळायचा नाही. जिंकला. तेराव्यात परत ड्रॅगन, पंचवीस खेळ्यांत जिंकला. मॅच साडेदहा विरुद्ध साडेसात अशी संपली. तेव्हा आम्ही सगळे आनंदसाठी देव पाण्यात ठेवून बसलेलो त्यामुळे तो अकरावा डाव अजून दुखतो. पण यातून ड्रॅगनबद्दल एक कळतं, समोरच्याला त्याची अपेक्षा नसेल तेव्हा तो सगळ्यात जास्त चावतो. तुमच्या मुलीचं नेमकं उलट झालंय, एकाच जिल्ह्यातल्या त्याच त्या वीस-पंचवीस मुलांशी ती खेळते आणि आता सगळ्यांना माहीत आहे की ही ड्रॅगन खेळते, ते आदल्या रात्री युगोस्लावचा व्हिडिओ बघून येतात. हे ओपनिंगच्या दर्जाबद्दल नाही, तिच्या गावाबद्दल आहे.

सगळ्यात अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे तिच्याकडे आठवड्याला वेळ किती. शाळा, क्लास, स्कूल व्हॅन हे सगळं धरून ओपनिंगला जर आठवड्याला तासभर मिळत असेल तर मी पण तुमच्या कोचच्या बाजूने आहे, सोडा. कारण ड्रॅगन घेतला म्हणजे फक्त युगोस्लाव नाही. समोरचा दुसऱ्याच खेळीला सी३ खेळेल, उंट बी५ चा शह देईल, दुसऱ्या खेळीला घोडा सी३ आणि मग एफ४ ढकलेल, मोरा गॅम्बिट देईल, म्हणजे सुरुवातीलाच एक प्यादं. १५०० च्या खाली-वर तर सिसिलियन दिसला की निम्मी मुलं मुख्य लाईन टाळतातच, मग ड्रॅगनसाठी घोकलेलं सगळं पिशवीत. माझ्या एका विद्यार्थिनीने उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी सोल्टिस लाईनवर (ड्रॅगनमधलीच एक, पुढे सांगते) घालवली आणि पुढच्या स्पर्धेत काळ्याच्या चार डावांत एकदाही ड्रॅगन पटावर आला नाही, एका डावात तर समोरच्याने पहिलीच खेळी बी३ केली. रडली बिचारी, मग आम्ही दोघी हसलो.

आणि मुख्य लाईनमध्ये शिरायच्या आधीचे खड्डे आहेत ते वेगळे. सहावी खेळी पांढरा उंट ई३ खेळला की लहान मुलांना त्या उंटावर घोडा टाकावासा वाटतो, ६...घोडा जी४. करू नका, ७.उंट बी५ शह आला की संपलं. डी७ वर उंट आडवा घातला तर तो बांधला जातो (तिथून जी४ वर गेला तर राजा शहात) आणि वजीर जी४ चा घोडा फुकट खातो, डी७ वर घोडा घातला तर सी८ च्या उंटाची वाट बंद आणि तेच, आणि सी६ वर घोडा घातला तर दोनदा मारून ए८ चा हत्ती जातो. सहाव्या खेळीला एफ४ आलं, ज्याला लेवेनफिश म्हणतात, तर डोळे मिटून उंट जी७ करायचं नाही, आधी घोडा सी६. नाहीतर ७.ई५, डी-प्याद्याने खाल्लं, एफ-प्याद्याने परत खाल्लं, घोडा जी४ वर पळाला, आणि ९.उंट बी५ शह. इथे उंट डी७ केलं तर परत तो बांधलेला उंट आणि फुकटचा घोडा, आणि राजा एफ८ वर सरकला तर घोडा ई६ शह, त्या घोड्याला कशानेही मारा, डी८ चा वजीर गेला. हे दोन ट्रॅप तुमच्या मुलीला आज रात्री विचारा. आले तर छान, नाही आले तर ती ड्रॅगन अजून खेळतच नाहीये, फक्त जी६ करतेय.

समजा वेळ आहे आणि ती ठाम आहे. मग मी काय करते ते सांगते, तुमच्या कोचना पटेल न पटेल. सगळा ड्रॅगन शिकवत नाही. ९.उंट सी४ ला एकच लाईन, १२.एच४ ला काळ्याने स्वतः १२...एच५ करायचं, सोल्टिस म्हणतात तिला. दिसायला विचित्र आहे, आपल्याच राजापुढचं प्यादं ढकलायचं, पण पांढऱ्याचं एच५ तिथेच थांबतं आणि फाईल उघडायला त्याला जी४ करून प्यादं द्यावं लागतं, म्हणजे खेळ्या वाढतात. १५०० ला समोरच्याकडे त्यानंतरची योजना बहुतेक नसतेच, तो दहा मिनिटं विचार करत बसतो. १३.उंट जी५ आला तर १३...हत्ती सी५. त्या हत्तीचं तिथे काय काम ते तिच्याकडून काढून घ्या, सांगू नका. पाचव्या रांगेवर उभा राहून तो ई५ ची तोड आणि डी५ ची उडी दोन्हीवर नजर ठेवतो, कार्पोव्हच्या डावातली तीच पाचवी रांग, फक्त यावेळी काळ्याच्या ताब्यात.

पांढरा नवव्या खेळीला उंट सी४ ऐवजी आधीच लांब कॅसलिंग करेल तेव्हा मात्र वेगळं, तेव्हा ९...डी५. आणि इथे त्या नवव्या उंट सी४ चा अर्थ उलगडतो. तो उंट काय हल्ल्यासाठी तिकडे आला असं पोरांना वाटतं, पण मुख्य काम म्हणजे काळ्याला डी५ करू न देणं. उलट्या कॅसलिंगच्या शर्यतीत काळ्याला मध्य उघडता आला तर एच४-एच५ ला अर्थच राहत नाही. म्हणून उंट सी४ वर नसेल तर डी५ लगेच, प्यादं जात असलं तरी. १०.ई-प्यादं डी५ मारतं, घोड्याने परत मारा, सी६ वर घोड्यांची मारामारी, बी-प्यादं सी६ वर. आता कोणी हावरटपणे डी५ वर घोडा मारून नंतर वजिराने प्यादं खाल्लं तर वजीर सी७, आणि त्यालाही न जुमानता ए८ चा हत्ती खाल्ला तर उंट एफ५, सी२ वर मात दाखवून. मग त्याला एफ८ चा हत्ती घेऊन वजीर द्यावा लागतो, वजिरासमोर दोन हत्ती, पण पांढरा राजा उघडा. १२.उंट डी४ खेळला, जे जास्त समजूतदार आहे, तर १२...ई५ १३.उंट सी५ उंट ई६, आणि एफ८ चा हत्ती तसाच मारात सोडायचा. घेऊ दे. जी७ च्या उंटासमोरचा पांढरा काळा-घरांचा उंट गेला म्हणजे त्या कर्णावर आपलं राज्य. ही जागा मी पटावर लावते आणि मुलाला विचारते, हत्ती मारात आहे, काय करशील? जो मुलगा घाबरून हत्ती हलवतो त्याला मी ड्रॅगन देत नाही. जो विचारतो "त्याने घेतला तर मला काय मिळतं", त्याला देते. त्या एका प्रश्नावरून बरंच कळतं.

कोणी सांगेल ॲक्सिलरेटेड ड्रॅगन घ्या, दुसऱ्या खेळीला डी६ ऐवजी घोडा सी६ आणि चौथ्याला जी६, म्हणजे डी५ एकाच दमात करता येतं आणि युगोस्लावचा त्रास कमी. खरं आहे, तिथे पांढऱ्याने सवयीने एफ३ केलं तर काळा मजेत असतो. पण मग पांढरा सी४ करून मारोक्झी बाइंड लावतो, आणि पस्तीस खेळ्या गळा दाबलेल्या जागेत बसायचं. ज्या मुलीला कारो-कान बोअर वाटतो तिला मारोक्झी दाखवा, झोपेल. शिवाय तिथेही खड्डे आहेतच. १९५८ च्या अमेरिकन चॅम्पियनशिपमध्ये रेशेव्हस्कीसारखा दिग्गज आठव्या खेळीला घोडा ए५ खेळला, फिशरने ९.ई५ केलं, घोडा ई८ वर मागे गेला आणि १०.उंट एफ७ शह, ११.घोडा ई६. त्या घोड्याला राजाने मारलं तर मात, प्याद्याने मारलं तर वजीर गेला. अकराव्या खेळीलाच डाव हातातून गेला. म्हणजे नाव बदलून सुटका नाही.

स्वभावाचाही भाग आहे. ड्रॅगनमध्ये साधारण बाराव्या ते बाविसाव्या खेळीत डाव ठरतो आणि त्या दहा खेळ्यांत घड्याळ खाल्लं जातं. तिला वेळेचा त्रास असेल, शेवटची पाच मिनिटं धावाधाव होत असेल, तर हे ओपनिंग तो त्रास दुप्पट करतं. सलग दोन डाव हरली की तिसरा डाव मनाने सोडून देणारं पोर असेल तरीही नको, कारण यात हार अशी येते की पटाकडे बघवत नाही. पण डाव टाकला त्यावरून तुमची तशी वाटत नाही.

कोचशी भांडू मात्र नका. त्यांचं चुकलेलं नाही, त्यांना दिसतंय की रेटिंग पॉइंट जातायत, २०२४ ला फिडेने (बुद्धिबळाची जागतिक संघटना) रेटिंगचा तळच १४०० ला नेलाय, आणि खालून येणारी मुलं दिसतात त्यापेक्षा तगडी आहेत. माझा मधला मार्ग असा, पुढचे तीन-चार महिने रेटिंगच्या क्लासिकल स्पर्धेत कोच सांगतात ते खेळू दे आणि ड्रॅगन रॅपिडला (कमी वेळेच्या डावांत), घरी, ऑनलाइन, जिथे हरलं तर काही जात नाही. पण एका अटीवर, ऑनलाइन हरलेला प्रत्येक ड्रॅगन वहीत उतरवायचा आणि खाली एकच ओळ लिहायची, कोणत्या खेळीला माझी एक खेळी फुकट गेली. इंजिन नंतर लावायचं, आधी ओळ. माझ्या त्या सुट्टीवाल्या विद्यार्थिनीच्या वहीत सुरुवातीला पानोपानी ए६, ए६, ए६ लिहिलेलं आहे. मग कधीतरी ते बंद झालं.

आणि आज रात्री जेवताना तिला विचारा, पट न मांडता, पांढरा नवव्या खेळीला उंट सी४ वर का आणतो? "हल्ला करायला" म्हणाली तर कोचचं ऐका सध्या. "मी डी५ करू नये म्हणून" म्हणाली तर मला तिचे अजून दोन-तीन हरलेले डाव पाठवा, आपण बघू. काय म्हणाली ते इथे टाका.